जुना ट्रक वारंवार तापतो: घरच्या घरी कारण कसं शोधायचं आणि काय दुरुस्त करायचं

पाणी भरलं, दोन-चार फेऱ्या नीट झाल्या आणि पुन्हा काटा लाल पट्ट्यात. ही तक्रार दुसऱ्या-तिसऱ्यांदा येते तोवर गाडीत बरंच काही करून झालेलं असतं. नवी वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बसलेली असते, पंख्याचा नवा पट्टा बसलेला असतो, थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी वॉल्व, कुणीतरी काढून फेकलेला असतो. पैसे गेलेले असतात, पण उष्णता नेमकी कुठे अडते हे कुणीच बघितलेलं नसतं. डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा पाण्यात येतो, आणि तो रेडिएटरमधून हवेत गेलाच पाहिजे. या वाटेत अडथळा येण्याच्या जागा मोजक्याच आहेत. त्यातल्या बहुतेक जागा घराच्या अंगणात, साध्या पान्यांनी आणि एका थर्मामीटरने तपासता येतात.

इथे डोळ्यांपुढे टाटाच्या ४०७, ९०९, १२१०, १६१३ अशा जुन्या गाड्या आहेत: बिडाचं डिझेल इंजिन, पट्ट्यावर फिरणारा पंखा आणि बहुधा पितळ-तांब्याचा रेडिएटर.

पाना हातात घेण्याआधी: गाडी कधी तापते?

निम्मं निदान या एका प्रश्नात होतं, आणि त्याचं उत्तर मिस्त्रीपेक्षा ड्रायव्हरकडे जास्त असतं. त्याला नीट विचारा.

इंदूरच्या देवास नाक्याच्या गर्दीत उभ्या-उभ्या काटा चढतो आणि मोकळा रस्ता लागताच उतरतो, असं असेल तर हवा कमी पडते आहे. पंखा, पट्टा, पंख्याभोवतीचं कडं, रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीतला कचरा, इथे शोधा. सपाट रस्त्यावर ठीक, पण माल भरून धामनोदकडून गणेश घाट चढताना किंवा खंडवा रोडवर चोरलकडून भेरूघाट चढताना तापते, तर रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत, वॉटर बॉडीच्या आतला पंखा झिजला आहे, नाहीतर डिझेल पंपाचं टायमिंग मागे गेलं आहे. सकाळी गार इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाण्यात हवा अडकली आहे, नाहीतर हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पाकिंगमधून, जळलेला वायू पाण्यात येतो आहे. आणि काटा लाल दाखवतो पण वरचा होज हाताला फक्त कोमट लागतो, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. ती वायर सोलून बॉडीला टेकली तरी बऱ्याच जुन्या गाड्यांत काटा सरळ लाल पट्ट्यात जातो.

काट्याची आणखी एक गोष्ट ड्रायव्हरला सांगूनच ठेवा. चढत चाललेला काटा एकाएकी खाली पडला म्हणजे गाडी गार झाली असं नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो वाफेत उघडा पडतो आणि कमी दाखवतो. अशा वेळी इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं.

जीव सांभाळून

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकणाच्या दाबाखाली ११० अंशांचं पाणीही द्रवच असतं. झाकण उघडताच दाब जातो आणि त्याच क्षणी ते उकळून तोंडावर येतं. तासभर थांबा. मग जाड कापड ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने हेडला तडा जातो, आणि गेलेलं हेड हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च आहे. सपाट जागी गाडी लावा, चाकांना पुढे-मागे ओंडके लावा. केबिन उचलावी लागत असेल तर टेकू आणि कुलपी खिळा दोन्ही बघूनच खाली वाका. इंजिन चालू असताना पंख्याजवळ गमछा, सैल बाही, हातातलं कडं नको.

झाकण: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्यावर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.५ बारचं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही, ०.९ बारच्या झाकणाखाली सुमारे ११८ पर्यंत. म्हणजे झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली, की एरवी धकून जाणारी गाडी घाटात पाणी फेकू लागते, आणि मग रेडिएटरला दोष दिला जातो.

झाकण उलटं करून बघा. रबराच्या कड्यावर फिलरच्या, म्हणजे पाणी भरायच्या तोंडाच्या, ओठाचा खोल वळ उमटला असेल, चिरा असतील, स्प्रिंग बोटाने सहज दबत असेल तर बदला. मधोमध एक छोटी वाटीसारखी वॉल्व असते, ती नखाने ओढून सोडली की झटकन परत बसली पाहिजे. गाडी गार होताना ती उघडून रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी आत घेते. ती गंजून चिकटली तर आत पोकळी तयार होते आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडाच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर पाणी टिकतं खरं, पण जुन्या रेडिएटरचे डाग, म्हणजे सोल्डरचे सांधे, सुटतात. त्याच वेळी फिलरचा ओठ वाकलेला नाही ना, तेही बघून घ्या. तो वाकडा असेल तर नवं झाकणही दाब धरणार नाही.

हवेची वाट

रेडिएटरच्या पुढे उभं राहून बघा, हवा यायला जागा तरी आहे का? जाळीवर लावलेली पाटी, जाड गार्ड, फुंदे, पुढे बांधलेली ताडपत्री, हे सगळं हवा अडवतं. शोभेच्या वस्तू रेडिएटरच्या समोरून काढून बाजूला लावा.

मग बाहेरची जाळी. माळव्यात सोयाबीन निघते तेव्हा शेतातून आणि मंडीतून भुसा उडतो, तो जाळीत बसतो. वर इंजिनाच्या तेलाचा पातळ थर असला की धूळ त्याला चिकटून लिंपण तयार होतं. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कचरा असतो मधल्या थरात. विजेचा दिवा पंख्याच्या बाजूला धरा आणि पुढून बघा. जिथे उजेड आरपार येत नाही तिथे हवाही जात नाही. तेलकट असेल तर कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात मिसळून फवारा, १५ मिनिटं भिजू द्या आणि पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जाईल. सर्व्हिस सेंटरचा जोरदार पंप जवळून मारू नका, जाळीतले पातळ पत्रे आडवे होतात. आडवे झालेले पत्रे चपट्या पेचकसाने एकेक करून उभे करता येतात, कंटाळवाणं काम आहे पण फरक पडतो. पत्रे बोटाच्या चिमटीत चुरगळून पावडर होत असतील तर मात्र धुण्यात अर्थ नाही. नळीपासून पत्रा सुटला की उष्णता पत्र्यात येतच नाही. तो रेडिएटर संपला.

पंख्याभोवतीचं कडं अनेक जुन्या गाड्यांत गायब असतं, कुठल्यातरी दुरुस्तीत काढलेलं आणि परत न लावलेलं. कडं नसलं की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेने इंजिनाचीच गरम हवा परत फिरवतो. पंख्याच्या पात्यांची टोकं आणि कडं यांत साधारण १२ ते २५ मिलिमीटर फट हवी, आणि पाती साधारण निम्मी कड्याच्या आत. भंगारातून जुळणारं कडं मिळत नसेल तर पत्र्याचं बनवून घ्या. हा खर्च वाया जात नाही. पंखा उलटा बसलेला नाही हेही बघा. इंजिन चालू करून वर्तमानपत्राचं पान जाळीपुढे धरलं तर ते जाळीला चिकटून राहिलं पाहिजे.

पंखा व्हिस्कस प्रकारचा असेल, म्हणजे मध्ये गोल डबी असेल, तर इंजिन तापवून बंद करा आणि हाताने पंखा फिरवून बघा. तापलेला असूनही तो मोकळा गरगर फिरला तर डबीतलं सिलिकॉन तेल गेलं. डबीच्या पुढच्या अंगाला तेलाचे फराटे दिसले तरी तेच.

पट्टा अंगठ्याने जोरात दाबला तर सगळ्यात लांब भागात १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल असेल तर घसरतो, जास्त ताणला तर वॉटर बॉडीचं बेअरिंग खातो. एक खूण सहसा कुणी बघत नाही: व्ही पट्टा पुलीच्या दोन्ही भिंतींवर बसायला हवा. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकचकीत झाला असेल तर पट्टा तळाला टेकून घसरतो आहे. मग पट्टा बदलूनही पुलीची झीज तशीच राहते आणि महिन्याभरात तक्रार परत येते. दोन पट्टे असतील तर जोडीनेच बदला, आणि नव्या पट्ट्याचा ताण दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

या विषयावर ठाम बोलणं गरजेचं आहे, कारण ‘आपल्याकडे गरमी, वॉल्व काढून टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. तापल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच हालचालीत पाणी परत इंजिनात फिरवणारी बगलेची वाट बंद करतो. तो काढला की बगलेची वाट कायम उघडी. पाणी सोप्या वाटेने जातं, म्हणजे बराच भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत येतो. सपाटीला गाडी गार राहते, म्हणून सल्ला बरोबर वाटतो. घाटात मात्र उकळते. आणि सपाटीला गार राहणंही चांगलं नाही. ५०-६० अंशांवर चालणारं डिझेल इंजिन जास्त डिझेल पितं, काजळी करतं, तेलात पाणी आणि आम्ल साचू देतं आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, लवकर झिजवतं.

तपासणी स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्यात होते. थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान छापलेलं असतं, ८२ किंवा ८३ असा आकडा. पातेल्यात पाणी घ्या आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो बुडेल पण तळाला टेकणार नाही. शेजारी थर्मामीटर, तोही तळाला न टेकवता. ताप मोजायचा नको, १०० अंशांच्या पुढे जाणारा हवा. दोरा वॉल्वच्या फटीत चिमटून त्यावर टांगलं तर आणखी सोपं: उघडू लागताच थर्मोस्टॅट दोऱ्यातून सुटून तळाशी पडतो, आणि तो क्षण चुकत नाही. मंद आचेवर पाणी ढवळत राहा. छापलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे उघडायला लागला पाहिजे आणि उकळीच्या जवळ येईतो ८ ते १० मिलिमीटर उचलला गेला पाहिजे. मग आच बंद करून तो पूर्ण मिटतो का तेही बघा. उशिरा उघडणारा, अर्धाच उघडणारा किंवा न मिटणारा थर्मोस्टॅट बदला. साफ करून, तेल लावून तो दुरुस्त होत नाही. आतल्या डबीतलं मेण गेलेलं असतं.

बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला. चकतीवर बारीक भोक आणि त्यात डुगडुगणारी पिन असेल तर ती सगळ्यात वर यायला हवी, तिथूनच हवा निसटते. पाकिंग नवं घाला, जुन्याचे तुकडे पात्याने खरवडून काढा.

पाणी फिरतं का?

आता मोजायचं. इन्फ्रारेड थर्मामीटर गन हल्ली हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. चकचकीत धातूवर ती चुकीचं, कमी तापमान दाखवते, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. एक तुकडा थर्मोस्टॅटच्या घरावर, एक रेडिएटरच्या वरच्या टाकीवर, एक खालच्या नळीच्या तोंडाशी. इंजिन पूर्ण तापवून, गतीवर ठेवून वाचा.

वर ९० आणि खाली ८०-८४ असं काहीसं असेल तर फिरणं ठीक आहे. वर ९८ आणि खाली ७० असेल, म्हणजे अंतर वीसच्या पुढे, तर पाणी फारच हळू फिरतं आहे: नळ्या बुजल्या, वॉटर बॉडी कमी ढकलते किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडला. वर-खाली दोन्हीकडे नव्वदीच्या वर आणि अंतर जेमतेम दोन-तीन अंश, तर पाणी फिरतं आहे पण उष्णता बाहेर जात नाही. परत पंखा आणि जाळीकडे या. मग पंख्याच्या मागून नव्हे तर समोरून जाळीवर गन फिरवा. शेजारच्या भागापेक्षा दहा-पंधरा अंशांनी गार असलेला पट्टा म्हणजे तिथल्या नळ्या बंद.

खालच्या होजकडे खास लक्ष द्या. वॉटर बॉडी त्यातून पाणी ओढते. होज आतून मऊ पडला असेल तर उभ्या गाडीत तो ठणठणीत दिसतो आणि इंजिनाची गती वाढवली की चपटा होऊन वाट बंद करतो. एकाने गती वाढवायची, दुसऱ्याने बॅटरी मारून बघायचं. आत तारेचा स्प्रिंग होता आणि गंजून गेला, असंही सापडतं. होज बदला, तोही स्प्रिंगसकट.

वॉटर बॉडीची परीक्षा तीन ठिकाणी होते. पंखा धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून ओघळ किंवा पांढरट-हिरवट खपली दिसली तर आतली सील गेली. ते भोक एम-सीलने बुजवू नका. ते बंद केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंखा एक दिवस रेडिएटरमध्ये घुसतो. तिसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. क्षाराच्या पाण्याने आतल्या पंख्याची पाती झिजून बोथट होतात किंवा पंखा दांड्यावर सैल होतो. गार इंजिन झाकण काढून सुरू करा, थर्मोस्टॅट उघडू द्या आणि पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी, गती वाढवत वरच्या टाकीत बघा. प्रवाह जोरात सरकताना दिसला पाहिजे. रेडिएटर आतून साफ असूनही पाणी नुसतं डुचमळत असेल तर वॉटर बॉडी उतरवा.

क्षार: वारंवार येणाऱ्या तक्रारीचं मूळ

इंदूरमध्ये नळाला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, पण ट्रकमध्ये जातं ते बोअरचं किंवा ढाब्यावरच्या हौदाचं. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार धरा, आणि गळकी गाडी रोज २ लिटर पिते असं धरा. वर्षात ३०० दिवस चालली तर ६०० लिटर पाणी, म्हणजे २४० ग्रॅम क्षार आत गेला. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतो, आणि तो जिथे सगळ्यात जास्त ताप असतो तिथे, म्हणजे हेडमध्ये आणि लायनरभोवती, खपली धरतो. ही खपली बिडाच्या तुलनेत वीस-पंचवीस पट कमी उष्णता जाऊ देते. म्हणून कधीकधी पाणी ८५ अंश दाखवतं आणि हेड मात्र आतून भाजत असतं.

साफ करायला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. इंदूरच्या सियागंज बाजारात किलोवर मिळतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा संडास साफ करायचं ॲसिड घालू नका, ते डाग आणि बीड दोन्ही खातं. आधी गार इंजिनातलं सगळं पाणी खुणा केलेल्या बादलीत काढा. किती लिटर निघालं ते लिहून ठेवा, पुढे कूलंटसाठी तोच आकडा लागेल. इंजिनाच्या ब्लॉकलाही निचऱ्याचा बोल्ट असतो, तो उघडला नाही तर निम्मी घाण आतच राहते. बोल्ट उघडूनही पाणी येत नसेल तर गाळ बसला आहे, तारेने टोचून मोकळं करा.

थर्मोस्टॅट तात्पुरता काढा. लिटरला २५ ते ३० ग्रॅम या मानाने लिंबूसत्व कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून भरा, १२ लिटरच्या गाडीत ३०० ते ३६० ग्रॅम. इंजिन सुरू करून पाणी ७०-८० अंशांवर आणा, अर्धा तास चालवा, बंद करून हात लावता येईल इतकं निवू द्या आणि काढा. तपकिरी-काळपट पाणी येईल. रात्रभर आत ठेवू नका. खपली जाड असेल तर ताज्या द्रावणाने दुसरी फेरी करा. एका कडक फेरीपेक्षा दोन मवाळ फेऱ्या बऱ्या. मग साध्या पाण्याने दोनदा धुवा, तिसऱ्यांदा लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं चालवा आणि शेवटी निर्मळ पाणी येईपर्यंत धुवा. ॲसिडचं पाणी पूर्ण जाण्याआधी सोडा घातला तर फेस उसळतो, तेवढं सांभाळा. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र कंपनीचं रेडिएटर फ्लश वापरा.

यातून खपली सैल होऊन एखादी नवी गळती दिसू लागते. ती ॲसिडने पाडलेली नसते, क्षाराने झाकलेली असते. तिथे हळद टाकायचा उपाय करू नका. हळद गळकं भोक बुजवते तशीच चांगल्या नळ्याही बुजवते. वाटेत अडकल्यावर गावापर्यंत पोचायला ठीक, पण पोचल्याबरोबर धुऊन काढायची.

धुऊनही वर-खालच्या तापमानातलं अंतर वीस अंशांच्या वरच राहिलं तर रेडिएटर उतरवा. खालचं तोंड बंद करून पाणी भरा आणि एकदम सोडा: भसकन बाहेर आलं पाहिजे. रमतगमत आलं तर दुकानात न्यायचा. पितळी रेडिएटरच्या टाक्या सोडवून नळ्यांतून सळया घालतात, त्याला रॉडिंग म्हणतात. टाकी सुटलेली असताना स्वतः उभं राहून नळ्या बघा. पाव हिस्सा नळ्या बंद किंवा डाग देऊन बुजवलेल्या असतील तर रॉडिंगवर पैसे घालू नका, कोअरच बदलून घ्या.

हेड गॅस्केटची शंका

इथे घाईने हेड उतरवलं जातं, म्हणून पुरावा हवा. पूर्ण गार इंजिन, पाणी काठोकाठ, झाकण काढलेलं. सुरू करताच बारीक बुडबुड्यांची अखंड माळ येत राहिली, गती वाढवली की वाढली आणि पाच-सात मिनिटांतही थांबली नाही, तर वायू पाण्यात येतो आहे. पहिले मिनिट-दोन मिनिटं येऊन थांबणारे बुडबुडे अडकलेल्या हवेचे. दुसरी खूण: झाकण लावून गार इंजिन सुरू केलं आणि पाणी तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला. खात्रीसाठी निळ्या द्रवाचा ब्लॉक टेस्टर फिलरवर धरतात. वायू असेल तर द्रव हिरवट-पिवळा होतो.

कोणत्या सिलिंडरचं पाकिंग गेलं ते कळायला एकेका नोझलचा पाइप-नट जरासा सैल करा. ज्याचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे कमी होतात तो दोषी. डिझेल जोरात उडतं, चष्मा घाला आणि हात पाइपच्या तोंडाशी नेऊ नका.

पाण्यावर तेलाचा तवंग आहे पण बुडबुडे नाहीत, तर गॅस्केटआधी ऑइल कूलर तपासा. ओल्या लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथे पाणी थेट लायनरला लागतं, लायनरला बाहेरून सुईसारखी भोकंही पडतात. नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाड्यांना हा रोग जास्त.

हेड उतरवलंच तर घरी फक्त सपाटी बघा. स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेज घाला. ०.१ मिलिमीटरची पट्टी आरामात सरकली तर हेड मशीन शॉपमध्ये. तिथे घासण्याआधी तडा तपासायला सांगा, कारण तडा गेलेलं हेड घासून उपयोग नाही. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, त्या इंजिनाच्या पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे आवळण्याच्या जोराने, आवळा. अंदाजाने आवळलेलं हेड परत येतंच.

पाण्याची सगळी वाट ठीक निघाली आणि तरी भरलेली गाडी तापते, तर उष्णता जास्त तयार होते आहे. चालवून आल्यावर चारही ड्रमवर थर्मामीटर गन धरा. एक ड्रम इतरांपेक्षा फारच तापला असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. एअर फिल्टर, घसरणारा क्लच आणि डिझेल पंपाचं टायमिंग बघा. जास्त डिझेलसाठी पंप वाढवून घेतलेली गाडी काळा धूर सोडत घाट चढते आणि तापते, तिथे रेडिएटरचा काही दोष नाही.

भरणं आणि हवा काढणं

बादलीतला लिहून ठेवलेला आकडा काढा. १२ लिटर असेल तर ५ ते ६ लिटर घट्ट कूलंट, बाकी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी. ‘तयार मिश्रण’ लिहिलेल्या डब्यात पाणी घालायचं नाही. इंदूरला पाणी गोठायची भीती नाही, कूलंट लागतं ते गंज आणि खपली रोखायला. साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका, ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावरून जात ओळखता येत नाही, म्हणून जुन्यात नवं मिसळू नका.

गाडीचं तोंड चढाला लावा. थर्मोस्टॅटच्या घरावरचा सेन्सर किंवा हवेचा बोल्ट सैल करून हळूहळू भरा, तिथून बुडबुड्यांशिवाय पाणी आलं की आवळा. झाकण न लावता इंजिन संथ चालवा, होज हाताने दाबत राहा, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली गेली की भरा, मग झाकण लावा.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, गाय-कुत्रं चाटतं आणि मरतं. झाकणाच्या डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

आता रिकामी गाडी अर्धा तास, मग भरलेली गाडी एका चढावर. चढाच्या माथ्यावर थांबून इंजिन चालू ठेवूनच वर-खालची तापमानं वाचून लिहा. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी, गार इंजिनावर, बाटलीवरच्या रेघेशी पातळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरते, ती उरलेल्या हवेची जागा. त्यानंतरही रोज उतरत असेल आणि गाडीखालची जमीन कोरडी असेल, तर झाकण काढून गार इंजिनावर बुडबुड्यांची तपासणी परत करा. या वेळी दहा मिनिटं, टाकीवरून नजर न हलवता.